नाडी, विंचू आणि महाडचे डॉक्टर

बीपीवर बोला, असं बऱ्याच गटांनी सांगितलं होतं. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, हे तुम्ही आशाताईंकडून ऐकलेलंच आहे, ते मी परत सांगत बसत नाही. आज बीपीचा इतिहास सांगते, आणि तो सांगता सांगता विंचवावर येणार आहे. बीपीचा आणि विंचवाचा काय संबंध, असं तुमच्या मनात येईल. संबंध अगदी थेट आहे. शिरजगाव कसब्यापासून आसेगाव पूर्णापर्यंत कोणत्याही गावात जा, विंचू न पाहिलेलं घर सापडणार नाही. म्हणून हे आपल्या कामाचं आहे.

सुरुवात वावरातूनच करू. निंदण करताना बाई तासभर उकिडवी बसते. मग कोणीतरी पाण्याला हाक मारतं, ती झटकन उठते, आणि क्षणभर डोळ्यापुढे अंधारी येते. दोन पावलं डगमगते, मग ठीक होते. आपण म्हणतो, ऊन लागलं. ऊन असतंच, पण त्या दोन-चार सेकंदांत अंगात मोठं काम होऊन गेलेलं असतं.

आपल्या अंगात चार-पाच लिटर रक्त असतं. आपण उभ्या राहिलो की त्यातलं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त एकदम पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. पाणी उताराकडे जाणारच. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, दाब घसरतो, आणि मेंदू सगळ्यात वर असल्यामुळे पहिला फटका त्याला बसतो. शरीराने काहीच केलं नाही तर उठलेली प्रत्येक बाई खाली पडेल. पण आपण पडत नाही. जबड्याच्या खाली, मानेत जिथे नाडी लागते, तिथे मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या बारीक टोकांची एक जागा आहे. तशीच दुसरी जागा हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत आहे. भिंत ताणली गेली की ही टोकं मेंदूला जास्त निरोप पाठवतात, ढिली पडली की कमी. निरोप कमी झाले की मेंदू समजतो की दाब घसरला. मग तो हृदयाला जोरात चाल म्हणतो आणि पायातल्या, पोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घ्यायला सांगतो. हे आपल्याला न विचारता होतं. दिवसातून कितीतरी वेळा होतं.

मेंदूकडून हृदयाकडे जाणारे मज्जातंतू दोन प्रकारचे आहेत. बैलगाडी डोळ्यासमोर आणा. हाकणाऱ्याच्या एका हातात कासरा असतो आणि दुसऱ्या हातात तुतारी. कासरा ओढला की बैल मंदावतो, तुतारी टोचली की पळतो. हृदयाचा कासरा म्हणजे मेंदूतून निघून मानेतून खाली जाणारा एक लांब मज्जातंतू. डॉक्टर त्याला व्हेगस म्हणतात. तुतारी म्हणजे पाठीच्या कण्याजवळून निघणारं दुसरं जाळं, सिंपथेटिक. ही तुतारी हृदयाला पळवते आणि रक्तवाहिन्या आवळतेसुद्धा. रक्तवाहिनी आवळली की काय होतं, ते संत्र्याच्या बागेत पाणी देणाऱ्या बाईला सांगायला नको. पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, मागे पाइप फुगतो, मोटरीवर ताण येतो. कासरा, तुतारी आणि पाइप, एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

हे माणसाला कळायला फार वर्षं लागली. नाडी बघणं जुनं आहे; आपल्याकडचे वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून बरंच काही सांगत. पण नाडी किती वेळा पडते हे वेगळं आणि आत दाब किती आहे हे वेगळं. दाब पहिल्यांदा मोजला तो इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने. त्याने एका घोडीला बांधून तिच्या रक्तवाहिनीत नळी घातली आणि वर काचेची लांब नळी उभी केली. रक्त आठ फुटांच्या वर चढलं. हे त्याने १७३३ साली छापलं. माणसावर असं करता येत नाही हे उघड आहे. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली, आणि पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची पद्धत रशियाचे डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. उपकेंद्रात सिस्टर आजही तेच करतात.

कासऱ्याचा शोध जर्मनीत लागला. वेबर नावाच्या दोन भावांनी १८४५ साली दाखवलं की व्हेगसला विजेचा झटका दिला तर हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. तोपर्यंत लोकांना वाटायचं की मज्जातंतू फक्त काम करायला लावतात; थांबवणाराही मज्जातंतू असतो हे नवीन होतं. मानेवर दाबलं की नाडी मंद होते, हेही एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं, पण सगळे समजत की दाबताना व्हेगस चिरडला जात असेल. १९२० च्या दशकात हेरिंग यांनी दाखवलं की मज्जातंतूवर दाब पडून हे होत नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीतली ती जागा हे करते. त्यानंतर बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. एका कुत्र्याच्या मानेतली ती जागा दुसऱ्याच्या रक्तावर ठेवली, मज्जातंतू मात्र पहिल्याच्या मेंदूला जोडलेले राहू दिले. तिथला दाब वाढवला की पहिल्याचं हृदय मंदावायचं. म्हणजे निरोप मज्जातंतूंतूनच जातो. हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं, ते मुख्यतः याच जागा श्वासावर कशी नजर ठेवतात या कामासाठी. (ऐकून कोणी घरी मान दाबून पाहू नका. म्हाताऱ्या माणसाची नाडी एकदम मंद होऊन त्याला घेरी येऊ शकते.)

आता विंचवाकडे.

आपल्याकडे दोन तऱ्हेचे विंचू जास्त दिसतात. एक मोठा काळा, जाड नांग्यांचा, ज्याला बरेच जण इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर. दुसरा लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा लाल विंचू. तो गोवऱ्यांच्या ढिगात, कवेलूंच्या खाली, विटांच्या थप्पीत, सोयाबीनच्या गंजीत राहतो आणि रात्री निघतो. उन्हाळा सरताना आणि पहिला पाऊस पडल्यावर जास्त सापडतो. जास्त जीव घेतो तो हा लहानगा. बाईमाणूस पहाटे चुलीसाठी सरपण काढायला हात घालते, लेकरं जमिनीवर झोपतात, म्हणून बाया आणि लेकरं त्याच्या तडाख्यात सहज येतात.

लाल विंचवाचं विष रक्त बिघडवत नाही आणि मांस सडवत नाही. ते जातं मज्जातंतूंच्या टोकांकडे. तिथे निरोप सुरू करणारी आणि निरोप बंद करणारी बारीक दारं असतात. विष सुरू करणारी दारं उघडी धरून ठेवतं आणि बंद करणारी दारं अडवतं. मग निरोप थांबतच नाही. आधी कासऱ्याच्या बाजूचे मज्जातंतू पेटतात. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, नाडी मंद, आणि पुरुषांत, लहान मुलग्यांतसुद्धा, लिंग ताठ राहणं. लाजेपोटी ही शेवटची खूण घरचे सांगत नाहीत. ती सांगितलीच पाहिजे, कारण डॉक्टरसाठी ती मोठी खूण आहे. मग तुतारी सुरू होते, आणि ती हाकणाऱ्याच्या हातात उरत नाही. हातपाय गार पडतात, नाडी पळते, बीपी चढतं. मानेतली ती जागा मेंदूला सांगत असते की दाब फार झाला, आवर. मेंदू कासरा ओढतोही. पण टोकाशीच आग लागलेली असते, वरचा हुकूम तिथे चालत नाही. सगळे पाइप आवळलेले, त्यात हृदय जोर करतं, थकतं, आणि पुढे न गेलेलं रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. रोगी उठून बसतो, आडवं होता येत नाही, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. याच टप्प्यावर माणसं जातात.

एक गोष्ट नीट ऐका. ज्याला फार कळ लागते, तो बहुतेक वाचतो. ज्याच्या अंगात विष पसरलं आहे, त्याला चावल्या जागी कळ कमीही असू शकते. मांत्रिकाची पत इथेच टिकते. बहुतेक दंशांत नुसती कळ असते आणि ती काही तासांनी आपोआप उतरते. श्रेय मंत्राला मिळतं. आणि जिथे कळ मुळातच कमी, तिथे तो म्हणतो, "विष उतरलं, घेऊन जा घरी." मांत्रिक मुद्दाम फसवतो असं मला म्हणायचं नाही. पण तो कळ मोजतो, आणि मोजायचं असतं ते बीपी, नाडी, घाम आणि हातापायांची ऊब.

जडीबुटीचाही तपास झालेला आहे. मुंबईच्या परळला प्लेगसाठी १८९९ साली निघालेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचं नाव मिळालं. तिथे डॉ. म्हसकर आणि फादर कायुस या दोघांनी १९३१ साली साप चावल्यावर देतात त्या देशी वनस्पती एकेक करून तपासल्या. विषावर चालेल अशी एकही निघाली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतातल्या विंचवांवरही लिहिलं. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की विंचवाच्या दंशानंतर फुफ्फुसात पाणी होतं. म्हणजे माणूस कशाने जातो हे कळलं होतं. वाचवायचं कसं, ते कळत नव्हतं.

या ठिकाणी डॉ. हिंमतराव बावस्कर येतात. जालना जिल्ह्यातलं देहेड हे त्यांचं गाव, घर गरीब शेतकऱ्याचं. डॉक्टरकी शिकले आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. १९७० च्या दशकात नोकरीला लागले ते पार कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोकणात लाल विंचू फार. रात्री-बेरात्री लोक मूल खांद्यावर टाकून यायचे आणि सकाळपर्यंत मूल गेलेलं असायचं. पुस्तकात या रोगावर धड काही नव्हतं. वरच्या गावी पाठवावं तर रस्ते नाहीत. मग या डॉक्टरांनी जे करता येत होतं ते केलं. रोग्याजवळ बसून राहिले, नाडी, बीपी, घाम, उलटी, सगळं तासातासाला वहीत लिहीत गेले. मला वाटतं, या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं काम हेच. नवं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. बीपीचा पट्टा, घड्याळ आणि वही.

त्या वह्यांतून निघालं की ज्यांना सुरुवातीला उलट्या, घाम, लाळ आणि लिंगाचा ताठरपणा या खुणा दिसतात, त्यांचंच हृदय पुढे बिघडतं. हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापलं. लॅन्सेट म्हणजे जगभरचे डॉक्टर वाचतात ते पत्र. त्यात बहुधा मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांची नावं असतात. मधल्या काळात ते पुण्याला जाऊन एमडी झाले आणि परत महाडलाच आले.

उपचारांचं काय चाललं होतं? स्टिरॉइड देत, ॲलर्जीची इंजेक्शनं देत, ॲट्रोपिन देत. ॲट्रोपिनचा विचार वरवर बरोबर वाटतो: घाम आणि लाळ थांबवायची असेल तर ॲट्रोपिन थांबवतं. पण ते थांबवतं कसं? कासरा कापून. बैल आधीच उधळायला निघालेत, आणि हाकणाऱ्याच्या हातातला कासराच तुम्ही तोडला. नाडी आणखी पळते, बीपी आणखी चढतं. बावस्करांनी ॲट्रोपिन देऊ नये असं पुढे स्पष्ट लिहिलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की मूळ दुखणं आवळलेल्या पाइपात आहे. मोटरीला चाबूक मारून उपयोग नाही, पाइपाचं तोंड सोडा. आधी त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं एक जोरदार औषध सलाइनमधून दिलं, आणि फुफ्फुसात पाणी झालेला रोगी वाचला. पण ते औषध थेंब-थेंब मोजून द्यावं लागतं, सतत बीपी बघावं लागतं. खेड्यातल्या केंद्रात हे जमायचं कसं? तेव्हा बाजारात प्राझोसिन नावाची गोळी आलेली होती. मुळात ती बीपीच्या रोग्यांसाठी १९७० च्या दशकात निघाली. स्वस्त, तोंडाने घ्यायची. ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरची नेमकी ती जागा अडवते जिथे तुतारी टोचते. तुतारी टोचत राहिली तरी बैलाला लागत नाही, पाइप सैल पडतो, हृदयावरचं ओझं उतरतं. हा अनुभव डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांनी मिळून १९८६ साली लॅन्सेटमध्येच छापला. हिंमतरावांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण त्या लेखावर बाईंचंही नाव आहे, आणि पुढच्या अनेक लेखांवर आहे. आपल्या मासिकात तरी ते आवर्जून लिहावं.

त्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, गोळी यायच्या आधी गंभीर दंशाचे शंभरातले पंचवीस ते तीस रोगी दगावायचे. गोळीनंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. एका जुन्या, स्वस्त गोळीने.

विषावरची लसही पुढे आली. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर ती तयार केली. मग प्रश्न पडला, गोळी पुरे की लसही हवी? बावस्कर पती-पत्नींनी महाडला ७० रोगी घेतले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले, ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. दहा तासांनी लस मिळालेल्यांतले ३२ जण पूर्ण बरे झालेले होते, नुसत्या गोळीवाल्यांतले ८. हे २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं. ज्या माणसाने गोळी शोधली, त्यानेच गोळीपेक्षा चांगलं काही आहे का हे तपासून जगाला सांगितलं, हे मला फार आवडतं. आपलंच घोडं पुढे दामटणारे कमी नसतात.

आता आपल्या घरापुरतं. विंचू चावला तर दोरी घट्ट बांधायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची, आणि मूल असेल तर एक मिनिटही वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या आरोग्य केंद्रात, चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, यातलं काय दिसलं आणि कधी दिसलं, ते सांगा. देवाचं करायचं असेल तर गाडीत बसून करा. एकनाथ महाराजांनीही विंचवाचं भारूड रचलं, पण त्यांचा विंचू माणसाच्या मनातला होता. गोवऱ्यांतल्या विंचवाला डॉक्टरच लागतो. प्राझोसिनची गोळी आपल्या मनाने घरी द्यायची नाही. कधी द्यायची, किती द्यायची आणि बीपी बघून परत कधी द्यायची, हे डॉक्टर ठरवतात.

घरी का नाही, त्याचं कारण सुरुवातीला सांगितलेल्या अंधारीत आहे. आपण उभ्या राहतो तेव्हा पायातल्या रक्तवाहिन्या आवळून घेणारी तुतारीच ही गोळी अडवते. म्हणून गोळी पोटात गेलेल्या रोग्याला उभं केलं तर रक्त पायात उतरतं आणि दाब धाडकन घसरतो. ही गोळी नवी होती तेव्हा बीपीचे साधे रोगीसुद्धा पहिल्या गोळीनंतर उठताना कोसळल्याची उदाहरणं डॉक्टरांनी लिहून ठेवली आहेत. म्हणून दवाखान्यात रोग्याला आडवं ठेवतात, सलाइन लावतात, पाणी कमी पडू देत नाहीत. लघवीला लागली तर भांडं मागायचं, त्याला चालवत न्यायचं नाही. आणि लेकरू रडतंय म्हणून त्याची माय त्याला उचलून खांद्याला लावायला जाते. सिस्टर ओरडतात ते तेव्हाच. त्याला आडवंच राहू द्यायचं, आपण खाली वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं, हात धरायचा आणि सिस्टर उचलू द्या म्हणेपर्यंत तसंच बसून राहायचं.